परमुलखातला राब

ज्ञानोबा गुरुजींनी पिशवीतून चित्रं काढून सतरंजीवर मांडली, तेव्हा बाहेर श्रावणातली झड लागली होती. पत्र्यावर पाणी असं वाजत होतं की गुरुजींना ओरडून बोलावं लागे. शाळा म्हणजे विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात वसलेल्या वाडीची एक खोली, पुढं पडवी आणि पटावर सहा पोरं. आधीच्या शिक्षकांची बदली झाली, नवा कुणी यायला राजी नव्हता, म्हणून निवृत्त झालेल्या गुरुजींना पुन्हा बोलावणं आलं. त्यांचं घर भोरजवळ उत्रोलीला. आठवडाभर विंझरात एका दुकानामागच्या खोलीत राहायचं, सकाळी पायवाटेनं वर चढायचं आणि शनिवारी शाळा सुटली की एसटी धरून घरी जायचं. घरचे म्हणत, आता तरी पोरांचा नाद सोडा. गुरुजी हसत आणि सोमवारी पहाटे पुन्हा पिशवी भरत.

चित्रं जुन्या कॅलेंडरांतली होती. कुणा बँकेचं, कुणा खतवाल्याचं. गुरुजींनी वर्षानुवर्षं कापून, पुठ्ठ्याला डकवून जपलेली. धडा होता जगातल्या ऋतूंचा.

"हे बघा," गुरुजींनी एक चित्र उचललं. पांढऱ्याशुभ्र माळावर पानं नसलेली झाडं उभी होती. "काय दिसतं सांगा."

चौथीतला सार्थक गुडघ्यावर पुढं सरकला. "गुर्जी, हितं राब तोडलाय!"

"व्हय की!" बाकीची पोरं ओरडली. "समदी झाडं तोडल्यात."

गुरुजींना हसू आवरेना. ते स्वतः भातशेतीतले. जिथं भाताचा तरवा, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायचा त्या वाफ्यात फांद्या, पाला, शेण पसरून उन्हाळ्यात जाळतात. त्यासाठी पौष-माघात माणसं कोयता घेऊन ऐनाच्या, किंजळीच्या झाडांवर चढतात आणि फांद्या खाली उतरवतात. त्याला राब तोडणं म्हणतात. माघ सरता सरता वाडीभोवतीच्या झाडांचा नुसता खराटा होतो. या पोरांच्या लेखी बिनपानाचं झाड म्हणजे कुणीतरी चढून गेलेलं झाड.

"आन ही राख," सार्थकनं माळावर बोट ठेवलं. "राब भाजून झालाय."

"राखंत पोरं खेळत्यात व्हय रं येड्या?" पहिलीतली शेफाली म्हणाली. चित्राच्या कोपऱ्यात लाल टोपीतलं एक पोर बसलं होतं, ते तिनं हेरलं होतं.

मग गुरुजींनी समजावलं. हा बर्फ आहे. फार थंडी पडली की तिथल्या झाडांची पानं आपणहून गळतात, कुणी तोडत नाही. थंडी सरली की पुन्हा फुटतात. पोरांनी माना डोलावल्या. फ्रीजमधला बर्फ त्यांनी विंझरच्या दुकानात पाहिला होता, पण माळभर बर्फ कुणाला खराच वाटला नाही.

एकटी कोमल गप्प होती. तिसरीतली, काटकुळी, दोन घट्ट वेण्यांची पोर. तिचा बाप भिमा गेल्या माघात आंबवड्याकडं पाव्हण्यांच्या शेतावर राब तोडायला गेला होता, तिथं झाडावरून पडला आणि गेला, हे गुरुजींच्या कानावर पहिल्याच आठवड्यात आलं होतं. म्हणून ते तिला जरा जपत. तिनं चित्र दोन्ही हातांनी उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"गुर्जी, ही कंची गावं?"

"हा रशिया देश."

"आत्ता तितं आसंच हाय?"

"आत्ता नाही. आत्ता तिथं उन्हाळा आहे. आत्ता अशी थंडी इकडं, खाली." गुरुजींनी पृथ्वीच्या गोलावर बोट फिरवलं. "हा न्यूझीलंड. क्रिकेटमध्ये ऐकता ना, तो. आपल्या उलट. आपल्याकडं उन्हाळा तेव्हा त्यांच्याकडं हिवाळ्याची सुरुवात."

"मंजी हितला राब सरला की तितला सुरू."

"राब नाही गं. पानगळ."

"व्हय, त्येच," कोमल म्हणाली आणि शाळा सुटल्यावर चित्र घरी नेऊ का म्हणून विचारलं. गुरुजींनी दिलं. पोरीनं काही मागितलं, याचाच त्यांना आनंद झाला होता.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी ऋतूंचा खेळ होऊ लागला. खिडकीला गोणपाट लावायचं, दार लोटायचं, मधल्या स्टुलावर चार्जिंगचा दिवा ठेवायचा. तो सूर्य. एका रबरी चेंडूत गुरुजींनी सायकलची तार तिरकी खुपसली होती, ती पृथ्वी. सार्थकनं ती तशीच तिरकी धरून दिव्याभोवती फिरायचं, तार सरळ झाली की आउट. बाकीच्यांच्या गळ्यात देशांच्या पाट्या. गुरुजी महिना पुकारत आणि ज्याच्यावर बोट करत त्यानं सांगायचं, आपल्या देशात आता काय चाललंय, माणसं काय ल्यायली, काय खातात, झाडं कशी दिसतात. ब्राझील झालेलं पोर दर वेळी "आमी फुटबॉल खेळतो" एवढंच म्हणे, मग महिना कुठलाही असो. 'आपली वाडी' ही पाटी मात्र कुणालाच नको असे. तिच्यात काय सांगायचं, ती तर दाराबाहेरच होती. शेवटी ती शेफालीच्या गळ्यात पडे आणि ती फुरंगटून उभी राही.

कोमलनं पहिल्याच खेळात न्यूझीलंड मागून घेतला. आणि काय सांगितलं तिनं! दिवस अजून लहान आहे, ऊन तिरपं पडतंय, मेंढरांची लोकर वाढलीय, नदीकाठची उंच झाडं खराटा झालीत. गुरुजींनी एकदा सांगितलेलं ती विसरत नसे. पुढच्या महिन्यात तिनं विचारलं, न्यूझीलंडात पानं कधी फुटणार? गुरुजींनी चेंडू फिरवून दाखवला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं पाटी बदलून मागितली. आता तिला रशिया हवा होता.

"का गं? न्यूझीलंडाचा कंटाळा आला?"

"तितलं सरलं," ती म्हणाली. "गुर्जी, न्यूझीलंडातनं रशियाला जायला किती लागतं?"

"विमानानं दोन दिवस धर."

"इमानानं न्हाई. यष्टीनं, चालत."

"मध्ये समुद्र आहे बाळा. बोट लागेल."

"मंग लईच येळ लागत आसंल," ती म्हणाली, आणि तिच्या कपाळावर बारीक आठी पडली.

त्या शनिवारी एसटीत बसल्यावर गुरुजी स्वतःशीच हसत होते. एवढ्या वर्षांत ऋतूंचं चक्र इतकं नेमकं धरलेलं पोर त्यांना भेटलं नव्हतं. थंडीच्या मागोमाग पोर पृथ्वीभर हिंडत होती.

पौष आला. वाडीच्या वरच्या रानातून सकाळी कोयत्यांचे आवाज येऊ लागले. जानेवारीतला पहिला शनिवार. खोलीत अंधार केलेला, दिवा लावलेला, सार्थक जीभ चावत तार तिरकी सांभाळतोय. गुरुजींनी पुकारलं, "जानेवारी! रशिया!"

कोमल पाटी सरळ करून पुढं आली. "आमच्याकडं लई थंडी. नदी गोठलीय. मानसं केसाळ टोप्या घालत्यात. समद्या झाडांचा राब उतरवून झालाय." मग तिनं दम घेतला आणि चेहरा उजळून म्हणाली, "आता तितलं काम सरत आलं. आता आप्पा निघतील. माघापातुर हितं पोचतील."

सार्थकच्या हातातली तार सरळ झाली, पण त्याला कुणी आउट म्हणालं नाही. पोरं आपापल्या पायांकडं बघत होती. ब्राझीलसुद्धा गप्प होता. गुरुजींनी एकेका पोराचा चेहरा पाहिला आणि त्यांना उमगलं. सगळ्या वर्गाला जे ठाऊक होतं ते एकाच पोरीला ठाऊक नव्हतं.

त्यांनी दार उघडलं, पोरांना अंगणात खेळायला सोडलं आणि सार्थकला पाणी आणायच्या निमित्तानं मागं ठेवलं. सार्थक कोमलच्या चुलत्याचा मुलगा.

"तिला सांगितलंच नाही का रे?"

सार्थक पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. "आज्जीनं शपथ घातलीया समद्यांना. जो बोलंल त्येची जीभ झडंल म्हनली." मग हळूच म्हणाला, "गुर्जी, तुमी इचारलं म्हनून म्या सांगितलं. मंग झडंल का?"

"नाही झडत," गुरुजी म्हणाले. "जा, खेळ."

त्या दिवशी गुरुजींनी एसटी सोडली. कोमल गुरं वळायला गेली असेल अशा वेळी ते तिच्या घरी गेले. भिमाची आई बनाबाई पडवीत नाचणी पाखडत बसली होती. सून सोनिया आत चुलीपाशी होती. गुरुजींना बघून तिनं पदर सारखा केला. तिच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळे मणी होते. आजपर्यंत गुरुजींच्या मनात आलं होतं, बरं झालं, माणसं सुधारली. आज त्यांना ते वेगळंच दिसलं.

भिंतीवर ते रशियाचं चित्र भाताच्या पेजेनं चिकटवलं होतं. शेजारी खुंटीला कोयता. पावसाळाभर ओल धरणाऱ्या त्या भिंतीवर कोयत्याला गंजाचा ठिपकाही नव्हता.

"पोरगीच पुसती," बनाबाई म्हणाली. "आटवड्याला खोबरेल लावती. आप्पा आल्यावर वराडतील म्हनती. एकदा मला इचारलं, आज्जे, कोयता हितं ऱ्हायला, मंग आप्पा तोडत्यात कशानं? म्या म्हनलं, परमुलखात त्येंचा कोयता देत्यात."

"बनाबाई, हे काय करून बसलात?"

बनाबाईनं सूप खाली ठेवलं. "काय करायचं हुतं गुर्जी? भिमा गेला तवा ही मामाकडं हुती. तापानं फणफणली हुती. मामानं होळीपातुर ठिवून घेतली. आली ती दारातनंच वरडत आली, आप्पा कुठं? म्या म्हनलं लांब राब तोडायला गेलाय. तोंडातनं गेलं. म्हनलं दोन दिसांनी सांगू. मंग तिचा ताप उलटला. मंग शाळा सुरू झाली. मंग तुमी ते चितार दिलं." ती थांबली. "चितार घिऊन आली आन म्हनली, आज्जे, घावले आप्पा! बघ किती झाडं तोडल्यात. तवापासनं म्या काय सांगायचं ऱ्हायलंच न्हाई. समदं तीच सांगती. आता आप्पा हितं, आता आप्पा तितं."

गुरुजी भिंतीवरच्या चित्राकडं बघत राहिले. पोरीनं पाठ केलेली प्रत्येक गोष्ट त्यांना आठवली. बापाच्या मागं मागं ती चालत होती आणि वाट त्यांनी दाखवली होती.

"पंधरा दिवसांत माघ लागेल," ते म्हणाले. "वर्षश्राद्ध आहे ना?"

"तवा तिला मामाकडं धाडू."

"धाडाल. मग परत आल्यावर ती काय म्हणेल ठाऊक आहे? म्हणेल, मी नव्हते म्हणून आप्पा आले आणि तसेच माघारी गेले. पुढच्या माघापर्यंत पुन्हा वाट बघेल. बनाबाई, पोर हुशार आहे. तिचा हिशेब चुकत नाही, आपण दिलेला आकडाच खोटा आहे."

बनाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग ती बोलली ते गुरुजींकडं न बघता, दाराबाहेर बघत.

"घरात येक जीव हाय जो म्हनतो, आप्पा येतील. जेवताना म्हनतो, झोपताना म्हनतो. गुर्जी, मला ठावं हाय भिमा न्हाई. म्याच त्येच्या तोंडात पानी घातलं. पर तिनं म्हनलं की मला बी घडीभर वाटतं, आसंल बाबा कुठंतरी झाडावर. ते बी काढून घेता?"

उत्तर आलं ते आतून, चुलीपासून.

"आत्याबाई, तुमाला घडीभर वाटतं," सोनिया म्हणाली. ती कधी सासूपुढं बोलत नसे. तिचा आवाज चिरका झाला होता. "मला रोज सकाळी आरशात बघून कुंकू लावावं लागतं. भावकीतल्या बाया तोंडावर इचारत्यात, कुनाच्या नावाचं? म्या वरसभर रडले न्हाई. रानात गेले तरी पोर मागं आसती. दिवाळीला तिच्यासाटी तळण केलं आपुन. मरणाच्या घरात पहिल्या वरसाला कुनी कढई ठिवतं का? म्या करंज्या तळल्या आन तिच्यासंगं हसत खाल्ल्या. माज्या पोटात त्या आजून तशाच हायत."

तिनं जळतं लाकूड चुलीबाहेर ओढलं, विझवलं, पुन्हा आत सारलं. बनाबाई सुनेकडं बघत राहिली. जणू त्या घरात दुसऱ्या कुणाचंही माणूस गेलंय हे तिला आत्ता कळत होतं.

"मंग तुमीच सांगा," ती अखेर गुरुजींना म्हणाली. "तुमचं तिला खरं वाटतं."

"झाडाचं मी सांगेन," गुरुजी म्हणाले. "ते माझ्याकडून गेलंय, ते मी परत घेईन. बापाचं मात्र घरच्यांनीच सांगायचं. सोनिया, सोमवारी शाळेत ये."

सोमवारी गुरुजींनी वर्ग बाहेर काढला. शाळेच्या मागच्या बांधावर एक जुना ऐन होता, त्याचा राब नुकताच उतरवला होता. खाली फांद्यांचा ढीग वाळत पडला होता. तोडलेल्या जागी ताज्या पिवळट चकत्या दिसत होत्या. गुरुजींनी कोमलला सांगून घरचं चित्र मागवून घेतलं होतं. पेजेनं भिंतीला धरलेला मागचा भाग जरा फाटला होता.

"आज दोन झाडं बघायची," ते म्हणाले. "एक हे समोरचं, एक चित्रातलं. सारखं काय आणि वेगळं काय, ते सांगायचं. घाई नाही. डोळे भरून बघा."

पोरं बघू लागली. सोनिया पडवीच्या खांबाला धरून उभी होती. आईला शाळेत बघून कोमल लाजली आणि तिला दाखवायला म्हणून सगळ्यांच्या पुढं झाली.

"सारखं मंजी पानं न्हाईत."

"बरोबर. आणि वेगळं?"

"हितं राख न्हाई. बर्फ न्हाई." ती ऐनाकडं बघे, चित्राकडं बघे. "हितं फांद्या जाड जाड हायत. टोकाला गाठी हायत. तोडून तोडून गाठ धरती."

"आणि चित्रात?"

तिनं चित्र तोंडाजवळ नेलं. इतके महिने घराच्या अंधाऱ्या भिंतीवर पाहिलेलं ते चित्र तिनं आज पहिल्यांदा उन्हात धरलं होतं. जाड फांदीतून बारीक फांदी, तिच्यातून काडी, काडीतून केसासारखी डहाळी, आभाळापर्यंत गेलेली. ती एका झाडावरून दुसऱ्यावर बोट नेत गेली. बोट हळू हळू चालत होतं.

"गुर्जी," ती म्हणाली, "शेंडं तसंच हायत."

गुरुजींनी तिला बघू दिलं.

"येकाचा बी शेंडा तोडलेला न्हाई. आप्पा आसं सोडत न्हाईत. आप्पा बारकी डहाळी बी ठिवत न्हाईत, पार गाठीपातुर उतरवत्यात." तिचा आवाज वर चढला, जणू कुणीतरी काम वाईट केलं होतं आणि ती त्याला रागावत होती. "मंग हे कुनी तोडलं?"

"कुणी नाही तोडलं, बाळा. थंडीनं पानं गळली. त्या झाडांवर कुणीच चढलेलं नाही."

"न्यूझीलंडात?"

"तिथंही नाही. तिकडं कुणी राब तोडत नाही."

कोमलनं चित्र खाली केलं. सार्थकनं शेफालीचा हात धरला होता.

"मंग आप्पा कुठं हाईत?"

उभ्या आयुष्यात गुरुजींनी पोराचा प्रश्न कधी परत फिरवला नव्हता. आज त्यांनी सोनियाकडं पाहिलं. ती खांब सोडून आली आणि पोरीसमोर मातीत बसली.

"कोमे, आप्पा न्हाईत. आंबवड्याकडं झाडावर चढलं हुतं, पाय सटाकला. भोरला न्हेलं, पर वाटंतच गेलं."

"कवा?"

"गेल्या माघात."

"म्या मामाकडं हुते तवा?"

"व्हय."

कोमल विचार करत होती. हिशेब मागं मागं नेत होती, गुरुजींना ते दिसत होतं. जानेवारी, डिसेंबर, दिवाळी, श्रावण. प्रत्येक महिन्यापाशी थांबून ती आपल्या बापाला तिथून उचलत होती.

"मंग दिवाळीला करंज्या का केल्या?" ती म्हणाली.

सोनियानं तिला जवळ घ्यायला हात पुढं केला.

"तू हसत का हुतीस? आज्जीनं मला कोयत्याला तेल का लावू दिलं? म्या लावत बसले. तू मला बघत हुतीस." तिनं आईच्या खांद्यावर मूठ मारली, मग दुसरी मारली. "समद्यांला ठावं हुतं! सारथ्याला बी ठावं हुतं! म्या येकलीच..."

सोनियानं मार खाल्ला. मग तिनं पोरीच्या दोन्ही मुठी आपल्या तोंडावर घेतल्या, आणि तिच्या आतून जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या रानातले कोयते थांबले. वर्षभराचं रडणं होतं ते. तिच्या कपाळावरचं कुंकू पोरीच्या मुठींना लागलं. कोमल आधी घाबरली, मग आईच्या गळ्यात पडली आणि तीही रडू लागली. बांधापलीकडं बनाबाई कधी येऊन उभी राहिली होती, कुणाला कळलं नाही. ती पुढं आली नाही. तिथंच खाली बसली, तोडलेल्या फांद्यांच्या ढिगापाशी.

गुरुजींनी बाकीच्या पोरांना हलवलं नाही. हेही त्यांनी बघायला हवं होतं. बराच वेळ गेल्यावर सार्थक पुढं गेला आणि खाली पडलेलं चित्र उचलून, माती पुसून, गुरुजींना देऊ लागला. गुरुजींनी ते घेतलं, पण त्यांना त्याच्याकडं बघवेना.

त्यानंतर कोमल शाळेत आली नाही. गुरुजी रोज हजेरी घेताना तिचं नाव पुकारत, उत्तराची वाट बघत आणि पुढचं नाव घेत. माघात वर्षश्राद्ध झालं. गुरुजी पानावर जाऊन बसले. पोर बापाच्या फोटोसमोर आजीला टेकून बसली होती. ती गुरुजींकडं एकदाच बघून खाली बघू लागली. सोनियाचं कपाळ मोकळं होतं. खुंटीवर कोयता नव्हता. फोटोला हार घालून त्याच्याखाली पाटावर तो ठेवला होता, आणि त्यावर तांबूस गंज धरू लागला होता.

उत्रोलीला घरी बायकोनं विचारलं, "जेवत का नाही?" गुरुजी म्हणाले, "एक पोर होती माझ्याकडं. जगातले सगळे ऋतू तिला तोंडपाठ होते." आणि ताट सरकवून उठले.

फाल्गुनाच्या तोंडाशी खेळाचा शनिवार आला. गुरुजींच्या मनात खेळ बंदच ठेवायचा होता, पण शेफालीनं आपणहून खिडकीला गोणपाट लावलं. दिवा लागला. पाट्या वाटायला काढल्या. तेवढ्यात लोटलेलं दार उघडलं आणि उजेडाची पट्टी आत आली. दारात कोमल उभी होती. वेण्या सैल होत्या, कुणीतरी घाईत घातलेल्या.

ती येऊन आपल्या जागेवर उभी राहिली. ब्राझीलनं बाजूला सरकून जागा दिली. गुरुजींनी रशियाची पाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"तुला कुठला देश देऊ, कोमल?"

ती पाट्यांकडं बघत राहिली. मग तिनं शेफालीच्या गळ्यातली 'आपली वाडी'ची पाटी धरली.

"ही मला दी."

शेफालीनं लगेच काढून दिली. न्यूझीलंड मिळाला म्हणून ती खूश झाली आणि लगेच खूश झाल्याची तिला लाज वाटली.

सार्थक चेंडू घेऊन चालू लागला. तार तिरकी, जीभ दातांत. पृथ्वी दिव्याभोवती फिरत आली. गुरुजींनी महिना पुकारला, पण बोट कुणावरच केलं नाही. कोमल स्वतःच पुढं आली.

"आमच्याकडं थंडी सरत आलीय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पत्र्यावर पाऊस असता तर ऐकूही आला नसता. "सकाळी जरा वाजतं. दुपारी ऊन लागतं. भात घरात आलाय. मानसं राब तोडायला जात्यात. झाडांचा खराटा हुतो. झाडांना चैतात पालवी येती." ती थांबली. "मानसं..."

सार्थक चेंडू धरून जागच्या जागी उभा होता. दिव्याचा उजेड कोमलच्या पाटीवर पडला होता. पोरं वाट बघत होती, आणि अडलेल्या पोराला पुढचा शब्द सांगायची गुरुजींची जन्माची सवय त्यांच्या ओठांपर्यंत आली. त्यांनी तो शब्द गिळला.

कोमलनं पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"येवढंच," ती म्हणाली, आणि मागं जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.